दंडाची नोटीस, फॉर्म ६८ आणि चौदा महिने

२१ जून २०२३ रोजी दुसरा तास संपवून मी शिक्षक-कक्षात आले, तेव्हा मोबाईलवर प्राप्तिकर खात्याचा संदेश आलेला होता. कर निर्धारण वर्ष २०२२-२३ साठी, म्हणजे २०२१-२२ या आर्थिक वर्षातील उत्पन्नासाठी, मी भरलेल्या विवरणपत्राची छाननी होणार असून कलम १४३(२) अन्वये नोटीस पोर्टलवर ठेवली आहे, एवढाच त्याचा आशय होता. आदल्याच महिन्यात एका सहकारी शिक्षिकेची अशाच एका बनावट संदेशातून फसवणूक झाली होती, त्यामुळे त्यातील दुव्याला मी हातही लावला नाही. संध्याकाळी कर्वेनगरला घरी आल्यावर पोर्टल स्वतः उघडले. ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि लॉगिन न करताही तो पोर्टलवर पडताळता येतो. मी तो टाकला आणि नोटीस खरी असल्याचे पडद्यावर आले. असा संदेश आला तर कोणाला फोन करण्याआधी एवढी एक गोष्ट करावी.

त्या रात्री मला झोप लागली नाही. अठ्ठावीस वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत आहे, पगारातून कर दरमहा कापला जातो आणि माझ्याकडून कराचे काही राहिले असेल असे कधी मनातही आले नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सदाशिव पेठेत, माझ्या यजमानांच्या शाळासोबती असलेल्या सीएंकडे गेले. त्यांनी माझे वार्षिक माहिती विवरण म्हणजे एआयएस उघडले, विवरणपत्र शेजारी ठेवले आणि थोड्या वेळाने विचारले, "वहिनी, ठेवींचे व्याज कुठे दाखवले आहे?"

ते कुठेच दाखवलेले नव्हते. यजमान सप्टेंबर २०२० मध्ये गेले. त्यांच्या मुदत ठेवी माझ्या नावावर झाल्या, त्यांचे व्याज माझ्या पॅनवर नोंदले जाऊ लागले आणि बँकेने त्यावर दहा टक्के करही कापला. जुलै २०२२ मध्ये विवरणपत्र भरताना मी केवळ महाविद्यालयाचा फॉर्म १६, म्हणजे पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला, पुढे केला आणि ओळखीतल्या एका व्यक्तीने त्यावरून ते भरून दिले. सही माझीच होती, त्यामुळे जबाबदारीही माझीच होती आणि पुढच्या चौदा महिन्यांत मी ती दुसऱ्या कोणावर टाकण्याचा प्रयत्न केला नाही.

खरा धक्का त्यानंतर बसला. सीएंनी सगळ्या खात्यांची पासबुके आणायला सांगितली. त्यांतले एक पासबुक कपाटात, यजमानांच्या सेवापुस्तिकेच्या प्रतीखाली ठेवलेले होते. यजमान राज्य शासनाच्या सेवेत होते आणि त्यांचे कुटुंब निवृत्तिवेतन त्या खात्यात जमा होत असे. मी त्या पैशाला कधी हात लावला नव्हता आणि ते पासबुक अडीच वर्षांत एकदाही भरून आणले नव्हते. शाखेतल्या यंत्रात घातल्यावर पाने एकामागून एक छापून येऊ लागली. प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीला तीच रक्कम, २७,५०० रुपये, आणि तिच्यापुढे कोषागाराचे संक्षिप्त नाव. मी काउंटरपाशी उभी राहून ती पाने पाहत होते. हे पैसे येत असल्याचे मला ठाऊक होते, पण त्यांना मी उत्पन्न म्हणून कधी पाहिलेच नव्हते.

माझ्यासारख्या स्त्रिया पुण्यात पुष्कळ असतील, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. कुटुंब निवृत्तिवेतन करपात्र आहे. निवृत्त व्यक्तीचे स्वतःचे निवृत्तिवेतन पगारात मोजले जाते, पण तिच्या पश्चात जोडीदाराला मिळणारे निवृत्तिवेतन 'इतर मार्गांनी मिळणारे उत्पन्न' या शीर्षाखाली येते. त्यामुळे त्यावर पगारासारखी करकपात होत नाही, फॉर्म १६ मिळत नाही आणि कर लागतच नसावा असा समज सहज होतो. जुन्या करपद्धतीत त्यातून एक तृतीयांश किंवा १५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच वजावट मिळते. माझे वर्षाचे कुटुंब निवृत्तिवेतन ३,३०,००० रुपये होते, म्हणजे ३,१५,००० करपात्र. ठेवींचे व्याज २,४५,००० रुपये. दोन्ही मिळून ५,६०,००० रुपयांचे उत्पन्न माझ्या विवरणपत्राबाहेर राहिले होते.

त्या वर्षापुरती दुरुस्तीची दारे बंद झाली होती. सुधारित विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२२ रोजी संपली होती आणि ज्या वर्षाची छाननी सुरू झाली आहे त्या वर्षासाठी अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे आयटीआर-यू, भरता येत नाही. मात्र तीच चूक आदल्या वर्षीही झालेली होती आणि त्या वर्षाची छाननी लागलेली नव्हती. सीएंच्या सल्ल्याने ऑगस्टमध्ये कर निर्धारण वर्ष २०२१-२२ साठी आयटीआर-यू भरले. एक वर्ष उलटून गेले असल्यामुळे कर आणि व्याज मिळून होणाऱ्या रकमेवर आणखी पन्नास टक्के भरावे लागले. हे जड गेले, पण त्या वर्षाची नोटीस यायची भीती त्या दिवशी संपली. चालू वर्षाचे विवरणपत्र जुलैअखेर व्याज आणि निवृत्तिवेतन दाखवूनच भरले होते.

९ ऑक्टोबर २०२३ रोजी कलम १४२(१) ची प्रश्नावली आली आणि उत्तरासाठी पंधरा दिवस मिळाले. सगळ्या बँक खात्यांचे उतारे, व्याजाची प्रमाणपत्रे आणि विवरणपत्रातील फरकाचा खुलासा असे तिचे स्वरूप होते. खुलाशाचे पहिले पत्र मी स्वतः लिहिले. ते दोन पानांचे झाले आणि त्यातला बहुतेक मजकूर यजमानांच्या आजारपणाचा होता. सीएंनी ते शांतपणे वाचले आणि म्हणाले, "वहिनी, हे सगळे खरे आहे, पण वाचणाऱ्याला तारीख, रक्कम आणि कागद हवा. आजारपणाची एक ओळ ठेवा आणि मृत्यूचा दाखला जोडा." तिसऱ्या खेपेला पत्र एका पानात बसले. व्याज दाखवायचे राहिले हे मान्य आहे, निवृत्तिवेतनाबद्दल नोटिशीत विचारणा नसली तरी तेही दाखवायचे राहिले आहे, दोन्ही धरून उत्पन्नाचे नवे गणित सोबत जोडले आहे आणि बँकेने व्याजावर कापलेल्या २४,५०० रुपयांचे श्रेय मिळावे, एवढेच त्यात होते. कापलेल्या कराचे श्रेय लेखी मागून ठेवावे, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

येथे माझी एक चूक झाली. फरकाचा कर आम्हाला जुलैमध्येच कळला होता. तो तेव्हाच चलनाने भरला असता तर आगाऊ कर कमी भरल्याबद्दलचे कलम २३४ब चे दरमहा एक टक्का व्याज तिथेच थांबले असते. छाननीचा आदेश आल्यावर एकदमच भरू असे मी ठरवले आणि सात महिन्यांचे सुमारे दहा हजार रुपये जास्त गेले.

त्यानंतर तीन महिने काही आले नाही. मी दररोज सकाळी पोर्टल उघडून पाहत असे. तशी गरज नसते, कारण प्रत्येक नोटिशीचा संदेश आणि ईमेल येतोच, पण कोणी थांब म्हटले असते तरी मी थांबले नसते.

२९ जानेवारी २०२४ रोजी कारणे दाखवा नोटीस आली आणि या सगळ्या काळातला सर्वांत वाईट आठवडा सुरू झाला. ५,६०,००० रुपये उत्पन्नात मिळवण्याचा प्रस्ताव अपेक्षितच होता, पण शेवटच्या परिच्छेदात हे प्रकरण मिसरिपोर्टिंगचे, म्हणजे जाणूनबुजून चुकीचे उत्पन्न दाखवल्याचे का धरू नये, असे विचारले होते. या एका शब्दाने किती फरक पडतो ते सीएंनी मला कागदावर मांडून दाखवले. कलम २७०अ प्रमाणे उत्पन्न नुसते कमी दाखवले गेले असेल, म्हणजे अंडर-रिपोर्टिंग असेल, तर त्यावरील कराच्या पन्नास टक्के दंड होतो. मिसरिपोर्टिंग ठरले तर तो दोनशे टक्के होतो. माझ्या बाबतीत वाढीव उत्पन्नावरचा कर १,६८,४८० रुपये होता, म्हणजे एका शब्दावर दंड ८४,२४० रुपये तरी होणार होता किंवा ३,३६,९६० रुपये. शिवाय दंडातून माफी मागण्याचा जो मार्ग आहे तो तेव्हा फक्त पहिल्या प्रकाराला खुला होता.

उत्तराला सात दिवस होते. कलम २७०अ च्या नवव्या पोटकलमात मिसरिपोर्टिंगचे सहा प्रकार दिलेले आहेत: वस्तुस्थिती दडवणे किंवा विपर्यस्त मांडणे, गुंतवणूक हिशेबवह्यांत न नोंदणे, पुराव्याशिवाय खर्च दाखवणे, खोटी नोंद करणे, जमा रक्कम हिशेबवह्यांत न नोंदणे आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार न कळवणे. आम्ही या सहाही प्रकारांपुढे एकेक ओळ लिहिली. हिशेबवह्या ठेवण्याचे बंधन पगारदाराला नसते. व्याजावर माझ्याच पॅनवर कर कापला गेलेला होता आणि तो खात्याकडे दिसत होता, त्यामुळे ते दडवले असे म्हणता येत नव्हते. निवृत्तिवेतनाची माहिती तर विचारण्यापूर्वीच मी दिली होती. उत्तराबरोबर दृक्‌श्राव्य सुनावणीची विनंतीही केली. छाननी चेहराविरहित पद्धतीने, म्हणजे अधिकारी आणि करदाता समोरासमोर न येता, होत असली तरी कारणे दाखवा नोटिशीनंतर अशी सुनावणी मागता येते आणि ती जरूर मागावी.

१२ फेब्रुवारीला दुपारी सीएंच्या कार्यालयातील संगणकासमोर मी बसले. समोरच्या अधिकाऱ्यांचे नाव किंवा गाव मला कळले नाही. वीस मिनिटे बोलणे झाले. त्यांनी विचारले, "निवृत्तिवेतनाचे खाते वेगळे का ठेवले?" मी सांगितले की ते खाते कोषागाराच्या कागदपत्रांसाठी उघडले होते आणि त्यातून मी आजवर एक रुपयाही काढलेला नाही. त्यांनी उताऱ्याचे पान क्रमांक विचारले, मी ते सांगितले आणि पलीकडे पाने उलटल्याचा आवाज आला. आवाज चढवला गेला नाही, घाई केली गेली नाही. ज्यांना अशा सुनावणीची धास्ती वाटते त्यांनी आपल्या जोडपत्रांना पान क्रमांक घालून ठेवावेत. बोलताना माणसाला त्यांचाच आधार होतो.

२२ फेब्रुवारी २०२४ रोजी आदेश आला. त्यात आणि सोबतच्या दंडाच्या नोटिशीत शब्द होता अंडर-रिपोर्टिंग. मी तो परिच्छेद चार वेळा वाचला आणि मग मुलीला फोन केला.

एकूण उत्पन्न ९,४०,००० वरून १५,००,००० रुपये झाले होते. वाढीव करातून कापलेला कर वजा जाऊन १,४३,९८० रुपये आणि त्यावर एप्रिल २०२२ पासूनच्या तेवीस महिन्यांचे ३३,०९७ रुपये व्याज, मिळून १,७७,०८० रुपयांची मागणी कलम १५६ च्या नोटिशीने आली. भरायला तीस दिवस होते. दंडाची रक्कम यात नव्हती. दंडाची कारवाई वेगळी चालते आणि तिची नोटीस आदेशाबरोबरच येते. अनेक जण या दोन नोटिशींची गल्लत करतात आणि दंड होणारच आहे तर सगळे एकदम पाहू असे म्हणून मागणी भरायला उशीर करतात. माफीच्या दृष्टीने यापेक्षा मोठे नुकसान नाही.

माफीचा तो मार्ग म्हणजे कलम २७०अअ. त्याच्या अटी मोजक्या आहेत, पण त्यांत सवलत नाही. आदेशाप्रमाणे कर आणि व्याज मागणीच्या मुदतीत पूर्ण भरायचे, आदेशाविरुद्ध अपील करायचे नाही आणि आदेश ज्या महिन्यात मिळाला तो महिना संपल्यापासून एक महिन्याच्या आत फॉर्म ६८ मध्ये अर्ज करायचा. प्रकरण मिसरिपोर्टिंगचे नसेल तर दंडातून आणि त्यासंबंधीच्या खटल्यातूनही मुक्तता मिळते. अर्ज मंजूर झाला की त्या आदेशाविरुद्ध अपील किंवा पुनरीक्षण मागण्याचा हक्क कायमचा संपतो. म्हणून ज्यांना मूळ आदेशच अमान्य आहे त्यांनी हा मार्ग फार विचारपूर्वक निवडावा. मला आदेश मान्य होता. ते उत्पन्न माझेच होते.

सीएंनी एक शंका आधीच दूर केली. अर्ज फेटाळला गेला तर अपीलाची मुदत हातची जाईल का, असे मी विचारले होते. अर्ज केल्यापासून फेटाळल्याचा आदेश हाती पडेपर्यंतचा काळ अपीलाच्या तीस दिवसांतून वगळला जातो, शिवाय म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय अर्ज फेटाळता येत नाही. ज्यांच्या नोटिशीत दंडाचे कारण कोणत्या प्रकारात मोडते हेच स्पष्ट केलेले नसते, त्यांच्या सीएंना दिल्ली उच्च न्यायालयाचा २०२२ सालचा एक निर्णय ठाऊक असेलच. अशा वेळी मिसरिपोर्टिंगचे कारण पुढे करून माफी नाकारता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे.

पैशासाठी एक ठेव मुदतीआधी मोडावी लागली. ४ मार्चला ऑनलाईन चलन भरले. त्यात मायनर हेड (भरणा कोणत्या प्रकारचा ते सांगणारा क्रमांक) ४००, म्हणजे नियमित निर्धारणाचा कर, आणि मागणीचा संदर्भ क्रमांक निवडायचा असतो. ३००, म्हणजे स्वयंनिर्धारणाचा कर, निवडले गेले तर रक्कम खात्याकडे पोचते, पण मागणी उघडीच दिसत राहते. तीन दिवसांनी पोर्टलवर बाकी शून्य दिसली, त्याची छापील प्रत काढून ठेवली आणि मागणी मान्य असल्याचा प्रतिसादही नोंदवला.

११ मार्चला फॉर्म ६८ भरला. २०२२ च्या जुलैपासून तो पोर्टलवरच भरावा लागतो. फॉर्म छोटा आहे: आदेशाचे कलम व तारीख, तो मिळाल्याची तारीख, मागणीची रक्कम, चलनाचा तपशील आणि अपील केलेले नाही असे निवेदन. आदेश, मागणीची नोटीस आणि चलन जोडले, आधारच्या ओटीपीने पडताळणी केली. शुल्क काही नाही. आदेश फेब्रुवारीतला असल्याने ३१ मार्च ही माझी शेवटची तारीख होती आणि त्या दिवशी रविवार होता, म्हणून आम्ही वीस दिवस हाताशी ठेवले होते.

त्याच दिवशी दंडाच्या नोटिशीलाही स्वतंत्र उत्तर दिले. हे फार महत्त्वाचे आहे. दंडाचे काम पाहणारे आणि माफीच्या अर्जावर निर्णय देणारे अधिकारी एकच नसतात. माफीचा अर्ज स्थानिक निर्धारण अधिकाऱ्याकडे जातो, तर दंडाची कारवाई चेहराविरहित पद्धतीने अन्यत्र चालू राहते. अर्ज केला आहे हे तिकडे आपण कळवले नाही तर ते कोणी कळवेल असे गृहीत धरता येत नाही. फॉर्म ६८ ची पोचपावती जोडून, त्यावर निर्णय होईपर्यंत कारवाई स्थगित ठेवावी अशी चार ओळींची विनंती आम्ही केली.

२ एप्रिलला सगळ्या कागदांचा एक संच घेऊन मी स्वारगेट परिसरातील कार्यालयात गेले. जाणे बंधनकारक नव्हते, पण अर्ज कोणाच्या टेबलावर आहे हे मला स्वतः पाहायचे होते. आवक विभागात दीड तास थांबावे लागले. तिथल्या निरीक्षकांनी संच चाळला, चलनाचे पान बाहेर काढून मागणीच्या आकड्याशी बोट ठेवून ताडले आणि म्हणाले, "मॅडम, पैसे वेळेत आहेत. पोर्टलवर लक्ष ठेवा." माझ्या प्रतीवर निळ्या शाईचा गोल शिक्का उमटला. घरी आल्यावर पाडव्याच्या साफसफाईला मी कित्येक महिन्यांनी मनापासून हात घातला.

माझ्या वेळी अर्ज ज्या महिन्यात केला तो संपल्यापासून एक महिन्यात निर्णय देण्याचे बंधन अधिकाऱ्यांवर होते. १ एप्रिल २०२५ पासून ही मुदत तीन महिने झाली आहे, तेव्हा आता अर्ज करणाऱ्यांनी थोड्या जास्त प्रतीक्षेची तयारी ठेवावी. आयटीआर-यू भरण्याची मुदतही दोनऐवजी चार वर्षे झाली आहे. मी दिलेले कलमांचे आकडे १९६१ च्या अधिनियमातले आहेत. २०२५ च्या नव्या अधिनियमाच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ असून त्यात ते वेगळे आहेत.

२४ एप्रिल २०२४ रोजी कलम २७०अअ(४) चा आदेश आला. अर्ज मंजूर झाला होता. ८४,२४० रुपयांचा दंड लागणार नव्हता.

व्याज मात्र माफ झाले नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. हे कलम दंड आणि खटल्यापुरतेच आहे. सीएंचे शुल्क सगळे मिळून १५,००० रुपये झाले. ठेव मोडल्याचा भुर्दंड आणि उताऱ्यांच्या छायाप्रती धरून आणखी तीन हजारांच्या आसपास गेले. सीएंनी शाळेतल्या मैत्रीखातर काहीच घेणार नाही म्हटले होते, पण मी ते मानले नाही.

दंडाची नोटीस पोर्टलवर 'प्रलंबित' म्हणून दिसतच राहिली. मंजुरीचा आदेश मी लगेच तिकडे जोडला, जूनमध्ये एक स्मरणपत्र पाठवले. १२ ऑगस्ट २०२४ रोजी, मी बारावीच्या चाचणीचे पेपर तपासत असताना, संदेश आला. दंडाची कारवाई मागे घेतल्याचे ते दोन परिच्छेदांचे पत्र होते. मी त्याचा डीआयएन पडताळला, एक प्रत छापली आणि यजमानांच्या निवृत्तिवेतनाचा मूळ आदेश ज्या फाईलमध्ये आहे त्याच फाईलमध्ये लावली. ते पासबुक आता कपाटात नसते. दर तिमाहीला मी ते भरून आणते आणि जमा झालेल्या रकमेवरचा आगाऊ कर त्याच खात्यातून भरते.